छाटणीच्या दिवशी ४० मीटर, पानं भरल्यावर १२ : द्राक्षबागेत ब्लूटूथ मेश बसवताना

ब्लूटूथ मेशला, म्हणजे एकमेकांचे मेसेज पुढे ढकलणाऱ्या ब्लूटूथ बोर्डांच्या जाळ्याला, रेंज किती मिळते असं हल्ली मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या महिन्यात? चेष्टा नाही, खरंच विचारते. आमच्या बागेत तेच बोर्ड, त्याच जागा, ऑक्टोबरात ४० मीटर आरामात मिळत होते आणि डिसेंबरात १२ सुद्धा धड मिळेनात, आणि हे असं का होतंय ते कळायला माझा जवळजवळ अख्खा सीझन गेला, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी नाशिकला एमआयडीसीत एम्बेडेडचं काम करते, घर दिंडोरी तालुक्यात. चार एकर द्राक्ष आहे, अडीच एकर थॉमसन आणि बाकी सोनाका, वाय अँगलवर, म्हणजे इंग्रजी वायच्या आकाराच्या लोखंडी आधारावर, ९ बाय ५ फुटांची लागण, दोन ओळींमध्ये ९ फूट. बाग धाकटा भाऊ बघतो, अप्पा आता फवारणी-बिवारणीत पडत नाहीत पण सकाळी बागेत चक्कर मारल्याशिवाय चहा घेत नाहीत. ज्यांची द्राक्षं आहेत त्यांना सांगायला नको, ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले ५०-६० दिवस म्हणजे डोक्यावर डावणीची, डाउनी मिल्ड्यू या बुरशीजन्य रोगाची, टांगती तलवार. डावणीला पानावर पाणी लागतं, दव असो नाहीतर पाऊस, आणि पान किती तास ओलं राहिलं यावर पुढचं सगळं. घरापाशी हवामानाचं एक यंत्र बसवलं तर ते घरापाशीचं सांगतं. आमची बाग नाल्याकडं उतरती, वरच्या अंगाला साडेआठला पानं सुकतात आणि नाल्याकडच्या ओळी दहा-साडेदहापर्यंत ओल्याच, भाऊ रोज सकाळी पँट गुडघ्यापर्यंत भिजेस्तोवर फिरून हे बघायचा आणि मग ठरवायचा आज औषध मारायचं का नाही. एक जास्तीची फवारणी म्हणजे पैसा तर गेलाच, वर एक्सपोर्टच्या मालाला रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची, तपासणी असते. म्हणून मला बागेत १४ ठिकाणी पानाचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजायची होती, दर ५ मिनिटाला.

१४ सिमकार्डं परवडणार नव्हती, वायफाय तेवढं पोचत नाही आणि बॅटरी खातं. लोराचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या आणि कमी वीज खाणाऱ्या रेडिओचा, विचार केला होता, आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला ते चालतं आणि रेंजही दणदणीत, पण माझ्याकडं एनआरएफ ५२८३२ या ब्लूटूथ चिपचे बोर्ड आधीचे पडलेले होते, आणि भावाला बागेत उभं राहून फोनवरच आकडा बघता यावा हे मला फार हवं होतं, फोनात ब्लूटूथ असतंच. मेशचं तत्त्वही मला पटलेलं होतं. जुलै २०१७ मध्ये हे स्टँडर्ड आलं. त्यात मुळात राउटिंग, म्हणजे ठरलेल्या वाटेने पाठवणं, वगैरे काही नसतं, सरळ दवंडी असते. एका नोडने, म्हणजे जाळ्यातल्या एका बोर्डाने, मेसेज हवेत सोडला की ज्या ज्या रिलेला, म्हणजे मेसेज पुढे देणाऱ्या नोडला, तो ऐकू आला तो प्रत्येक जण तोच मेसेज पुन्हा हवेत सोडतो, तो पुढच्याला ऐकू जातो, असं करत करत तो गेटवेला, म्हणजे सगळा डेटा गोळा करून पुढे इंटरनेटवर पाठवणाऱ्या बोर्डाला, पोचतो. एकदा ऐकलेला मेसेज रिले लक्षात ठेवतो म्हणून तोच तो पुन्हा सोडत नाही, आणि प्रत्येक उडीला एक आकडा कमी होत जातो त्यामुळे मेसेज कायमचा फिरतही राहत नाही.

आता पहिल्या मोजणीचं सांगते, कारण सगळी गडबड तिथेच झाली. छाटणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी सुट्टीला घरी होते. बाग पूर्ण उघडी, नुसती खोडं, ओलांडे, काड्या आणि तारा. मोटरीच्या खोलीपाशी मी लॅपटॉप घेऊन बसले आणि भाऊ हातात बोर्ड धरून ओळी ओलांडत चालत गेला, मी फोनवर त्याला आकडे सांगत होते. १० मीटरला उणे ६४, २० ला उणे ७१, ४० ला उणे ७८ डीबीएम. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्यातला आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. माझ्या बोर्डाला उणे ९० पर्यंत मेसेज व्यवस्थित येतात हे ऑफिसात तपासलेलं होतं, म्हणजे हातात १२ डीबी शिल्लक. मी खूश. कागदावर बागेचा नकाशा काढला, साधारण १६० बाय १०० मीटर, आणि ४० मीटरच्या हिशोबाने चार रिले टाकले. सगळे बॉक्स जमिनीपासून सव्वा मीटरवर लोखंडी अँगललाच बांधले, झिप टायने, एकदम घट्ट.

तीन आठवडे इतकं सुंदर चाललं की मी ऑफिसात सगळ्यांना ग्राफ दाखवत होते. शंभरातले ९८ मेसेज यायचे.

मग नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नाल्याकडचे दोन नोड अधूनमधून गायब व्हायला लागले. भावाचा फोन, ताई अकरा नंबर रात्रीपासून काही बोलत नाहीये. मला वाटलं बॅटरी. बदलली, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग वाटलं बॉक्समध्ये औषधाचं पाणी गेलं, फवारणीच्या ब्लोअरचा मारा काय असतो माहितीय ना, तर उघडून बघितलं, आत कोरडं ठणठणीत. मग फर्मवेअरवर, म्हणजे बोर्डात भरलेल्या प्रोग्रामवर, संशय. डिसेंबर उजाडेपर्यंत १४ पैकी ५ नोड जवळजवळ मुके झाले होते आणि उरलेल्यांचेही पहाटे ४ ते ९ या वेळातले मेसेज सगळ्यात जास्त गळत होते. म्हणजे नेमका दव पडतो तेव्हाच. जी माहिती मिळावी म्हणून हा सगळा खटाटोप केला होता ती ज्या तासांत हवी त्याच तासांत नेटवर्क आंधळं, याचा मला इतका त्रास झाला की रात्री झोप लागायची नाही.

या घाईत मी दोन गोष्टी अशा केल्या की आजार वाढला, आणि त्या सांगायलाच पाहिजेत कारण कुणीही हेच करेल.

पहिली म्हणजे रिले वाढवले. चाराचे अकरा केले. ऐकायला बरोबर वाटतं, जास्त रिले तर जास्त रेंज. दुसरी म्हणजे प्रत्येक रिलेने मेसेज किती वेळा पुन्हा सोडायचा ती सेटिंग असते, ती वाढवून सगळ्यात वरची केली, ८ वेळा. आता हिशोब करा, ११ रिले, प्रत्येकी ८ वेळा, आणि दर वेळी तो मेसेज तीन वेगवेगळ्या चॅनलवर जातो, म्हणजे एका नोडच्या एका मेसेजसाठी हवेत २६४ पॅकेटं. त्यात माझ्या फर्मवेअरमध्ये सगळे नोड घड्याळाच्या बरोबर ५ मिनिटाच्या ठोक्याला जागे होत होते, सगळे एकाच सेकंदाला. आणि रेडिओ बोलत असतो तेव्हा त्याला ऐकू येत नाही, हे विसरून चालत नाही, जो रिले तोच तो मेसेज आठ-आठदा सोडत बसलाय तो तेवढा वेळ दुसऱ्यांसाठी बहिराच. निकाल असा की जे नऊ नोड बरे चालले होते तेही ८० टक्क्यांवर आले. मी नंतर हे तीनदा सोडण्यावर आणलं आणि प्रत्येक नोडच्या जागं होण्यात २० सेकंदांपर्यंतचा रँडम उशीर घातला, एवढ्याने गर्दी लगेच कमी झाली, पण पाच मुके नोड मुकेच.

मग मी चार दिवसांची रजा टाकली आणि ठरवलं की आता अंदाज बंद, सगळं मोजायचं. प्रत्येक मेसेजमध्ये एक चढता नंबर घातला, म्हणजे मधला कुठला गळला ते गेटवेला कळतं. मेशमध्ये हार्टबीट म्हणून एक सोय आहे, त्यातून मेसेज किती उड्या मारून आला तेही कळतं, ती चालू केली. आणि तिथे पहिला धक्का, बारा नंबरचा नोड गेटवेपासून सरळ ३० मीटरवर, पण त्याचा मेसेज ४ उड्या मारून, पार पलीकडच्या बांधाला वळसा घालून येत होता. म्हणजे समोरासमोरचा रस्ता बंद आणि लांबचा चालू.

डिसेंबरातली पहाट, पावणेसहा, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, भाऊ टॉर्च घेऊन ओळीत आणि मी लॅपटॉप घेऊन मोटरीच्या खोलीच्या दारात. तीच जागा, तोच बोर्ड. ओळी ओलांडून १० मीटर, उणे ८४. ऑक्टोबरात इथे ६४ होते. १२ मीटरला ८८ आणि मेसेज गळायला सुरुवात. १६ मीटरला काहीच नाही. मी म्हटलं एक काम कर, आता ओळी ओलांडू नकोस, एकाच ओळीत सरळ चालत जा. तो चालत गेला, १५ मीटर, २०, ३०, ३५ मीटरला उणे ८३! एकाच ओळीत, दोन बाजूंच्या पानांच्या मधल्या बोळातून, सिग्नल मजेत जात होता. आडवा गेला की संपला. १२ मीटर म्हणजे मध्ये फक्त चार ओळी, पण चार ओळींची भरगच्च, दवाने भिजलेली पानं. तेवढ्यात अप्पा चक्कर मारायला आले होते, त्यांनी विचारलं काय चाललंय, भावाने सांगितलं, तर ते म्हणाले, "पान म्हणजे पाणीच की, पाण्याच्या भिंतीपलीकडं कसं जाईल ते." आणि पुढे गेले. मी तिथंच उभी राहिले, कारण खरंच तेवढंच होतं. आपण २.४ गिगाहर्ट्झवर काम करतोय, आणि पाणी ही लहर पिऊन टाकतं, पानातलं पाणी आणि पानावरचं पाणी दोन्ही. मोकळ्या बागेत मोजून मी भरलेल्या बागेचं नेटवर्क ठरवलं होतं.

थोडा हिशोब सांगते म्हणजे डीबीचा गोंधळ होणार नाही. माझा बोर्ड अधिक ४ डीबीएमने बोलतो आणि उणे ९६ पर्यंत ऐकतो असं डेटाशीटमध्ये आहे, म्हणजे खिशात एकूण १०० डीबी आहेत असं समजा. त्यातले ४० पहिल्या एका मीटरलाच खर्च होतात. त्यानंतर मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, म्हणजे १०० मीटरला ८० खर्च. नुसता कागद बघितला तर किलोमीटरभर जायला पाहिजे, आणि जाहिरातीत असलेच आकडे असतात. पण पानांची एक ओळ मला साधारण ५ ते ६ डीबीला पडत होती, सकाळी ओली असताना. म्हणजे एक ओळ मध्ये आली की अंतर दुप्पट झाल्यासारखं. चार ओळींना २० ते २४ गेले, आता उरलं काय.

आणि खिशातले १०० सुद्धा पूर्ण नव्हतेच, ते नंतर लक्षात आलं. दुपारी ओसरीवर एक बॉक्स उघडून बसले. बोर्डावरची अँटेना म्हणजे कडेला छापलेली तांब्याची नागमोडी रेघ असते, नखाएवढी जागा, तिच्या आजूबाजूला धातू नको असं डेटाशीटमध्ये चौकट काढून दाखवलेलं असतं. आणि मी बॉक्स छोटा हवा म्हणून १८६५० चा लिथियम सेल बरोबर तिला चिकटून बसवला होता. सेल म्हणजे लोखंडी नळकांडंच. सेल काढून वायरीने ४ सेंटीमीटर लांब नेला, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवलेला होता, त्याच्यावर ८ डीबी वाढले. मी पुन्हा चिकटवून बघितलं, पडले. पुन्हा लांब, वाढले. मग बॉक्स अँगललाच घट्ट बांधल्याचं आठवलं, म्हणून एक अँगलचा तुकडा आणून त्याला टेकवून बघितला, आणखी ५-६ गेले, आणि लोखंडाच्या मागच्या बाजूला तर त्याहून जास्त. वितभर लांबीच्या बांबूच्या काडीवर बॉक्स अँगलपासून बाजूला धरला की परत आले. म्हणजे पानांच्या आधीच मी माझ्या हाताने १३-१४ डीबी घालवलेले होते आणि ऑक्टोबरातल्या मोजणीत ते दिसलेच नाहीत, कारण तेव्हा भावाने बोर्ड नुसता हातात धरला होता, ना बॉक्स होता ना सेल ना अँगल. जसं बसवणार तसंच धरून मोजायचं हे मी तेव्हापासून पाळते.

बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर, ठेवलेले दोन नोड होते, मातीतला ओलावा मोजायला, ठिबकच्या लॅटरलच्या शेजारी जेमतेम फूटभर उंचीवर. ते तर अगदीच गेले होते. जमिनीच्या इतकं जवळ असलं की थेट येणारी लहर आणि जमिनीवरून उसळी घेऊन आलेली लहर एकमेकींना मारतात, दोन्ही टोकं फूटभरावर असली तर ३ मीटरनंतरच अंतर दुप्पट झाल्यावर ६ च्या जागी १२ डीबी जायला लागतात. सेन्सर मातीतच ठेवला, वायर लांब केली आणि बॉक्स वर नेला, प्रश्न मिटला.

आता मुख्य काम. आडवा रस्ता पानं बंद करणार, मग वरून जायचं. वाय अँगलचा माथा आणि त्यावरची पानं धरून आमची बाग साडेसहा फुटांपर्यंत जाते. ११ फुटांचे जीआय पाईप आणले, पाच ठिकाणी रोवले, आणि रिले त्यांच्या टोकावर. ११ च का, तर दोन रिलेमधली लहर दोरीसारखी सरळ जात नाही, मधोमध फुगते, ५० मीटर अंतराला मध्यावर सव्वा मीटर त्रिज्येचा फुगा होतो, आणि त्याच्या निदान ६० टक्के भागात अडथळा नको. साडेसहा फुटांच्या वर सव्वा मीटर म्हणजे साडेदहाच्या पुढे, म्हणून ११. सेन्सरचे नोड पानांखालीच राहिले, त्यांना आता फक्त आपल्या वरच्या रिलेपर्यंत, तिरकं, एखाद-दुसऱ्या ओळीच्या पानांतून पोचायचं. पाईप ओळीच्याच रेषेत रोवले, ब्लोअर फिरायला अडचण नको म्हणून, आणि अप्पांनी प्रत्येकाला लाल फडकं बांधलं, ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसावं म्हणून.

रिलेला वीज हा वेगळाच विषय आहे. सेन्सर नोड झोपतो, ५ मिनिटाला उठून बोलतो आणि परत झोपतो, त्याला सेल पुरतो. रिलेला झोपता येत नाही, कोण कधी बोलेल माहिती नाही म्हणून तो कायम कान देऊन बसतो, माझ्या बोर्डाला साधारण ६ मिलीअँपियर सतत लागतात. २६०० चा सेल १८ दिवसांत संपतो. बागेत शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, तिच्यावर भरोसा ठेवून चालत नाही. म्हणून प्रत्येक पाईपवर एक वॉटचं छोटं सोलर पॅनल लावलं. तेही महिन्याभराने कमी पडायला लागलं तर वर चढून बघितलं, बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा, निळसर थर बसलेला, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. आता प्रत्येक बोर्डो फवारणीनंतर भाऊ शिडी घेऊन पाच पॅनल पुसतो.

सेन्सर नोडच्या बॅटऱ्या तीन आठवड्यांत का संपत होत्या तेही याच चार दिवसांत सापडलं. मेशमध्ये झोपणाऱ्या नोडला एक मित्र नोड असतो, झोपेत आलेले मेसेज तो सांभाळून ठेवतो आणि नोड उठल्यावर त्याला विचारतो, माझं काही आलंय का. सिग्नल कमजोर असला की उत्तर येत नाही, नोड परत विचारतो, परत विचारतो, मग मैत्री तुटली समजून नवा मित्र शोधायला लागतो, आणि या शोधाशोधीत सेल रिकामा. पण माझ्या सेन्सरला सांगायचं असतं, ऐकायचं जवळजवळ काहीच नसतं! पाठवायला मित्र लागतच नाही. विचारायची मुदत स्टँडर्डमध्ये जवळपास ९६ तासांपर्यंत ताणता येते, मी ती १२ तासांवर नेली आणि सेलचा प्रश्न संपला.

मेसेजचा आकार ही अजून एक गोष्ट, बारीक वाटते पण रेंजच्या टोकाला फार फरक पाडते. मेशमध्ये एका पॅकेटात ११ बाइट मावतात, त्यातले ३ आपल्या स्वतःच्या ऑपकोडला, म्हणजे मेसेज कुठल्या प्रकारचा ते सांगणाऱ्या आकड्याला, जातात, म्हणजे हातात ८. माझा डेटा १६ चा होता, म्हणून त्याचे दोन तुकडे होत आणि दोन्ही पोचले तरच मेसेज पूर्ण. शंभरातले ८० तुकडे पोचत असतील तर पूर्ण मेसेज ६४ च. मी तापमानाला २, आर्द्रतेला १, पानाच्या ओलाव्याला १, बॅटरीला १, चढत्या नंबरला २ असं कोंबून ७ मध्ये बसवलं, एक उरला. एवढ्या बदलाने नाल्याकडचे नोड ६० वरून ७८ टक्क्यांवर आले, तेही पाईप लावायच्या आधी.

गेटवेच्या बाजूलाही घोळ होता. आधी मी एकच बोर्ड वापरत होते ज्याच्यात वायफाय आणि ब्लूटूथ एकाच रेडिओवर आलटून पालटून चालतं, म्हणजे तो डेटा वर पाठवत असतो तेवढा वेळ मेशकडं त्याचं लक्षच नसतं. मेशसाठी वेगळा बोर्ड लावला, तो पत्र्याच्या छपराबाहेर पाईपवर, आणि दोघांच्या मध्ये वायर. शिवाय खोलीतला फोरजी राउटर ऑटो चॅनलवर होता आणि ४ नंबरवर जाऊन बसला होता, त्याचा मध्य २४२७ मेगाहर्ट्झ. मेश ज्या तीन चॅनलवर बोलतं ते २४०२, २४२६ आणि २४८०. म्हणजे तिनातलं एक राउटरने दाबूनच ठेवलेलं. राउटर ११ नंबरवर पक्का केला, तिथे तो तिघांच्याही वाटेत येत नाही.

एक गोष्ट विकत घेण्याआधी मला माहीत असायला हवी होती. डिसेंबरातल्या त्या घाबरगुंडीत मी एनआरएफ ५२८४० चे चार बोर्ड मागवले, का तर ब्लूटूथ ५ मधला लाँग रेंजवाला कोडेड फाय त्याच्यात आहे, त्याने तो उणे १०३ पर्यंत ऐकतो. आणले, आणि मग स्टँडर्ड नीट वाचलं. मेशचे मेसेज जुन्या पद्धतीच्या ॲडव्हर्टायझिंगनेच, म्हणजे हवेत सोडलेल्या छोट्या पॅकेटांनीच, जातात, १ मेगाबिटवर. कोडेड फाय त्यात नाहीच. काही कंपन्या आपापल्या लायब्ररीत वेगळी सोय देतात पण मग ते स्टँडर्ड राहत नाही. त्या बोर्डांचा फायदा एवढाच झाला की ते अधिक ८ डीबीएमने बोलतात, ४ डीबी जास्त, म्हणून ते पाईपवर चढवले. सप्टेंबर २०२३ मध्ये मेशची १.१ आली, तिच्यात मेसेज ठरलेल्या वाटेने पाठवायची सोय आहे, ते मी अजून आमच्याकडं लावलेलं नाही, पाच रिलेला मला त्याची गरजही दिसत नाही.

पाईप डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उभे राहिले. पाईप-टू-पाईप ५० मीटरला उणे ७४ ते ७७, आणि हे पहाटे दवात, पानं पूर्ण भरलेली असताना. सेन्सर ते पाईप सगळ्यात वाईट उणे ८६. रिले अकराचे पाच झाले आणि पहाटेच्या वेळी १४ पैकी १३ नोड शंभरातले ९५ च्या वर द्यायला लागले. जानेवारीत एकदा ढगाळ होऊन रिमझिम झाली, तेव्हा पहिल्यांदा भावाने अंथरुणात बसून फोनवर बघितलं की वरचा अर्धा भाग रात्रभर कोरडाच राहिलाय आणि नाल्याकडचा सात तास ओला, आणि औषध फक्त खालच्या १८ ओळींना मारलं.

राहिला तो नऊ नंबर. तो विहिरीच्या कोपऱ्यात, पंपाच्या पत्र्याच्या शेडमागे आहे, त्याच्या आणि जवळच्या पाईपच्या मध्ये सरळ पत्राच येतो. ६० टक्क्यांच्या वर तो जात नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग मोकळी झाली तेव्हा मी सगळ्या जोड्या पुन्हा मोजल्या, पाईप-टू-पाईप फक्त एक-दोन डीबीचा फरक, म्हणजे वरचा रस्ता पानांच्या भरवशावर नाही हे नक्की झालं, पण नऊ नंबर मोकळ्या बागेतही तसाच. त्याच्यासाठी शेडच्या कोपऱ्यावर सहावा पाईप लागणार. भावाने खड्डा खणून ठेवलाय, या रविवारी गेले की उभा करते.